महाराजांच्या तळाला डांबर

"हे चार भोपळे म्हणजे होडी! आणि तीसुद्धा बिनपरवान्याची!" होडीखात्याचे प्रमुख त्रिंबकपंत गरजले आणि त्यांनी सगुणाची सांगड जप्त करून घाटावर बांधून ठेवली.

सगुणा माळ्याची पोर. वाळके भोपळे एकत्र बांधून सांगड करायची, वर वांग्यांची पाटी ठेवायची आणि पोहत पोहत ढकलत नदीपलीकडच्या बाजाराला न्यायची. घर त्या वांग्यांवरच चालायचं. ती तडक दरबारात गेली.

धीरसेन महाराजांनी खात्याची सनद वाचायला लावली. 'होड्यांवर खात्याचा हुकूम चालेल,' एवढंच तिच्यात होतं.

"पण होडी म्हंजे काय, ते कुठं लिवलंय?" सगुणाने विचारलं.

"पाण्यावर तरंगते ती होडी!" पंत म्हणाले. गेल्याच आठवड्यात त्यांनी दोन बदकांना परवाने घ्यायला लावले होते.

महाराज पक्के हट्टी. "खातं पंतांचं, तेव्हा अर्थही पंतांचाच! त्यांचा एक शब्दही न खोडता भोपळे सोडवून दाखव. उद्या दुपारपर्यंत! नाहीतर भोपळे चुलीत!"

झाली का पंचाईत! सगुणाने खात्याच्या कारकुनाकडून सगळे नियम वाचून घेतले.

सकाळी महाराज नेहमीसारखे नदीत उताणे पडून मजेत तरंगत होते. तेवढ्यात सगुणा डांबराचं मडकं घेऊन घाटावर आली. मागून धापा टाकत पंत! बिनपरवान्याची होडी दाखवते म्हणून तिने त्यांना पळवत आणलं होतं.

"कुठाय होडी?"

"ती काय! चांगली रुंद हाय."

पंत दचकून मागे सरले. "अगं, ते महाराज आहेत!"

"तरंगत्यात का न्हाई? मग लावा नियम! पोटावर आकडा रंगवा, नाकाला दोर बांधून खुंट्याला अडकवा आनि तळाला डांबर फासा! तुमी त्यांना पालथं करा, मी कुंचा धरते."

महाराजांनी एक डोळा उघडला. "पंत, माझ्या तळाला डांबर?"

"छे छे, महाराज! तरंगतं ते सगळंच काही होडी नसतं!"

"बगा, महाराज!" सगुणा ओरडली. "म्या एक शबुद खोडला न्हाई. पंतांनीच खोडला!"

महाराज इतके हसले, इतके हसले, की नाकातोंडात पाणी जाऊन बुडायलाच लागले! सगुणाने झटकन सांगड सोडून त्यांच्याकडे लोटली.

"भोपळे तुझे!" महाराज त्यांना मिठी मारून खोकत खोकत म्हणाले. "पलीकडचा मळाही तुझा! आणि पंत, तुम्ही आधी जाऊन त्या बदकांची माफी मागा!"