तांबटांची राई

फार पूर्वी एका नगरात तांबटांची आळी होती. तिथे सकाळपासून हातोड्यांचा असा ठणठणाट चाले, की शेजाऱ्याला खुणेनेच बोलवावं लागे. दुपारी मात्र सगळे हातोडे एकदम थांबत आणि माणसं भाकरी घेऊन आळीमागच्या करंजांच्या राईत जात.

एकदा राजवाड्यातून घंगाळांचं काम आलं. ते पसंत पडलं तर राजवाड्याचं सगळं काम कायमचं या आळीला मिळणार होतं. आळीचा म्होरक्या हरखला. त्याने राईला कुंपण घातलं.

"आता भाकरी जागेवरच खा. अमावास्येनंतर राई तोडू आणि तिथे मोठी भट्टी घालू."

"मग बसायचं कुठे?" एका म्हाताऱ्या तांबटाने विचारलं.

"बसून कुणाचं घंगाळ झालंय, काका?"

आठ दिवसांत आळीचा नूर पालटला. सख्खे भाऊ पाण्याच्या घागरीवरून हमरीतुमरीवर आले. घंगाळावर मठार, म्हणजे ठोक्यांची नक्षी, घालताना ठोके वाकडे पडू लागले.

राजवाड्याच्या कारभाऱ्याने घंगाळावरून तळवा फिरवला. "याला मठार म्हणता? कोंबडीने दाणे टिपलेत. पौर्णिमेला येतो. तेव्हाही असंच असेल, तर काम दुसरीकडे जाईल."

म्होरक्याने चिडून स्वतः हातोडी घेतली. चौथाच ठोका चुकला.

बायको म्हणाली, "अहो, घरातही हल्ली तुमचे ठोकेच चालतात. तुमची चाहूल लागली की मुलं उठून जातात."

तो तडक उठला. चुन्याचं भांडं घेऊन तोडायच्या झाडांवर खुणा करायला राईत गेला आणि पहिल्याच करंजाखाली जरा टेकला. पानं सळसळत होती. एका खारीने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला न जुमानता ती वर गेली. घटकाभराने त्याच्या लक्षात आलं, की आठ दिवस आवळलेली आपली मूठ सैल पडली आहे. परत येऊन त्याने हातोडी उचलली. ठोके एका ओळीत पडले.

त्याने त्याच दिवशी कुंपण उपटलं.

"आणि भट्टी?" म्हाताऱ्याने विचारलं.

"माझ्या अंगणात घाला."

"सूनबाईंच्या घरात धूर होईल की रे."

"होऊ दे. मग दुपारी आम्हीही सगळे इथेच येऊ."

पौर्णिमेला कारभाऱ्याने पुन्हा तळवा फिरवला, मान डोलावली आणि घंगाळं राजवाड्यात गेली, ती परत आली नाहीत. आळीत ठणठणाट पूर्वीसारखाच राहिला, पण भांडणं उरली नाहीत. म्होरक्याची मुलं आता त्याच्या ताटातली भाकरी ओढून खात.

तात्पर्य: झाडाखालची घटका वाया जात नाही, मन थाऱ्यावर असेल तरच हात थाऱ्यावर राहतो. म्हणून नगर वाढवताना आधी त्याची सावली राखावी.