आनशीची मूठ

फार मागची गोष्ट आहे. वेंगसरातल्या पोफळीच्या बागा तेव्हा अंगणासारख्या झाडलेल्या असत. झाडाखाली गवताची काडी दिसली तर माणूस आळशी ठरायचा. अशा गावात आनशी नावाच्या एकट्या बाईने पोफळींखाली चवळी पेरली आणि वेल हवे तसे पसरू दिले.

तिचा शेजारी नारबा जात्याच संशयी. दूध पातळ आलं तर गवळी राहिला बाजूला, हा म्हशीकडेच डोळे बारीक करून बघायचा. त्या वर्षी त्याची कोवळी सुपारी गळू लागली, पोफळींचे शेंडे पिवळे पडले. बाग गेली तर पोराबाळांनी खायचं काय? आणि मधल्या दगडी गडग्यापलीकडे आनशीच्या पोफळी मात्र हिरव्यागार! नारबा गडग्याआडून पाळत ठेवू लागला.

चवळी फुलावर आली, तशी आनशीने ती कापली. शेंगेची वाटसुद्धा पाहिली नाही. सगळा पाला झाडांच्या मुळाशी पसरला. नारबा गडग्यावरून ओरडला,

"पिकवतंस आणि कापून टाकतंस. मगे ह्यां खाता कोण?"

"जमीन खाता, नारबानू. तिका पण भूक लागता."

झालं! हिने जमिनीत काहीतरी खाणारं पुरलंय, तेच माझ्या बागेचं सत्त्व ओढतंय, असं नारबाने गावभर केलं. लोक आनशीच्या बागेवरून जाताना पोरांना पदराआड घेऊ लागले. शेवटी मानकऱ्यांनी ठरवलं: नारबाने दोन्ही बागांची मूठ मूठ माती देवळात आणावी, देव मातीवरून सांगेल. करणी निघाली तर आनशीने गाव सोडायचं.

नारबाने आधी आनशीच्या बागेत हात खुपसला. तो कोपरापर्यंत आत गेला. काळी, ओली माती, गांडुळं. हाड नाही, बाहुली नाही. काहीच सापडत नाही म्हणून त्याचा संशय आणखी वाढला. मग आपल्या बागेत त्याने कुदळ मारली. ती ठणकन वाजली. नखांनी खरवडून त्याने डावी मूठ भरली, उजवीत आनशीच्या बागेतली माती घेतली आणि निघाला.

त्या दिवशी देवळाची वाट लांबत गेली, असं म्हणतात. डाव्या मुठीतली माती गळू लागली. जेवढी मूठ आवळावी तेवढी ती निसटे. देवापुढे त्याने उजवी मूठ उघडली. आनशीची माती जशीच्या तशी होती, आणि बघता बघता तिच्यातून चवळीचा कोंब वर आला, असं म्हणतात. डावी मूठ रिकामी होती.

'हिनेच वाटेत ओढून घेतली,' हे नारबाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आनशी खांबाजवळ गाठोडं बांधूनच उभी होती. ते गाठोडं पाहून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"करणी नाय," तो म्हणाला. "माझ्याच बागेत काय उराक नाय. आनशे, माका चवळीचां बी दी."

"देतंय. पण फुलार इल्यावर कापूचा पडतला. एकव शेंग खावक मेळाची नाय."

वेंगसरात आजही चवळी कापली की प्रत्येक घर आपल्या बागेची मूठभर माती घेऊन देवळात जातं. नारबाच्या घरचा माणूस अजून वाटेत दहादा मूठ उघडून बघतो. आणि ज्याची मूठ रिकामी पोचते, त्याच्या हातावर सगळे आनशीच्या नावाने चवळीचं बी ठेवतात. माती गेली कुठे, हे त्याला कोणी विचारत नाही.