चाळीस गाठींचा पाळणा

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची, ते मला विचारू नका. मला सांगणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

नदीकाठी एक गाव होतं. त्या गावात घरोघरी दोर वळायचे. अंबाडी भिजवायची, सोलायची, तिचा वाख काढायचा आणि त्याला पीळ द्यायचा. विहिरीचा दोर म्हणू नका, बैलाचं दावं म्हणू नका, नावेचा दोरखंड म्हणू नका, सगळं याच गावातून जाई. इथलं पोर बोलायच्या आधी गाठ मारायला शिकतं, असं आसपासचे लोक म्हणत. लोक काय, काहीही म्हणतात! पण गावाला आपल्या गाठींचा अभिमान होता, हे मात्र खरं.

या गावाची एक रीत होती. मूल झालं की बारशाला येणारी प्रत्येक बाई कुंची-टोपडं तर आणायचीच, पण सोबत एक सल्लाही आणायची. आईला तो सल्ला सांगायचा, पाळणा जरा उचलून धरायचा आणि वरच्या दोराला एक गाठ मारायची. म्हणजे सल्ला कायम डोळ्यांसमोर राहतो. गाठ मारायची ती निरगाठ. ओढली की सुटली, ती गाठ कसली? आणि एकीने मारलेली गाठ दुसरीने सोडायची नाही. गाठ सोडली म्हणजे माणूस तोडलं, असं गाव मानायचं.

रीत काही वाईट नव्हती हं. पाच-सात गाठी पडायच्या. पहिलटकरणीला वाटायचं, आपल्या पाठीशी चार बायका आहेत. एवढं वाटलं तरी बाळंतपणात खूप असतं.

त्याच गावात आवडी नावाची एक सून होती. तिची पहिली मुलगी सव्वा महिन्याची होऊन गेली. का गेली, ते कोणालाच कळलं नाही. तीन वर्षांनी आवडीला मुलगा झाला, तेव्हा सगळ्या गावाचा जीव गलबलला. 'या खेपेला आवडीचं काही चुकायला नको,' असं जो तो म्हणाला. आणि बारशाला पाच-सात नाही, घरातली धरून चांगल्या चाळीस बायका जमल्या.

पहिली गाठ घरातलीच होती. आवडीच्या सासूबाई भागाबाई, त्यांना ती आत्याबाई म्हणायची. त्यांनी स्वतः विणलेले लोकरीचे मोजे बाळाच्या पायांत चढवले आणि म्हणाल्या, "अंघोळ सोडली तर हे मोजे काढायचे नाहीत. थंडी पायातून शिरते." त्यांचं एक लेकरू ऐन पौषात गारठून गेलं होतं. त्या दिवसापासून भागाबाई घरातल्या प्रत्येकाच्या पायांकडे बघायच्या.

मग बाकीच्या पुढे सरसावल्या.

"रडलं की लगेच घे गं बाई. रडून बेंबी वर येते," एक म्हणाली आणि तिने गाठ मारली.

"मुळीच उचलू नकोस! मांडीची सवय लागली की तुला चूल पेटवायला मिळायची नाही," दुसरी म्हणाली आणि तिनेही गाठ मारली.

ओव्याची धुरी दे. धुराजवळ नेऊ नकोस. रोज न्हाऊ घाल. रडत असेल तर न्हाऊ घालू नकोस, अंगात वारं शिरतं. उन्हात ठेव. उन्हाची तिरीपही लागू देऊ नकोस. कोणी वेखंड सांगितलं, कोणी जायफळ. आणि गंगाकाकूंनी तर आवडीच्या हनुवटीला हात लावून मोठ्या मायेने सांगितलं, "पोरी, त्याच्याकडे टक लावून बघू नकोस हो. जगाची नजर उतरवता येते, पण आईची नजर फार कडक."

आवडीने एकीलाही नाही म्हटलं नाही. कशी म्हणणार? एखादा सल्ला मोडला आणि नेमका तोच खरा निघाला तर? एकदा पोळलेली बाई ती. तिने चाळीसच्या चाळीस गाठी पदरात घेतल्या. रोज सकाळी खालून वर एकेका गाठीवर बोट ठेवायची, सल्ला आठवायची, आणि मगच बाळाला हात लावायची.

आता गंमत बघा. एका गाठीत दोन बोटं दोर जातो, हे दोर वळणाऱ्यांना कोणी सांगायला हवं का? पण कोणाच्या ध्यानात आलं नाही. दोर वळायचं घर, म्हणून त्याचं आढं उंच होतं. गाठी पडत गेल्या तसा पाळणा वर चढत गेला. गुडघ्याशी होता तो कमरेशी आला. कमरेशी होता तो छातीशी आला. चाळिसावी गाठ पडली तेव्हा तो आवडीच्या डोक्याच्याही वर गेला. बाळाला घ्यायला ती तिवईवर चढायची, पाजून झालं की पुन्हा तिवईवर चढून त्याला ठेवायची. खाली उभी राहिली की तिला पाळण्याचा तळ दिसायचा, आणि गाठी दिसायच्या. आणि वाखाच्या गाठी त्या, त्यांचे बारीक धागे सुटून पाळण्यात पडत होते, तेही तिला दिसत नव्हतं.

असे दोन महिने गेले. चैत्र लागला. एका सकाळी बाळ जे रडायला लागलं, ते थांबेचना.

बायका धावत आल्या. रडतंय म्हणून अंघोळ बंद झाली. वेखंड झालं, जायफळ झालं, मीठ-मोहऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी रडं वाढलं. तिसऱ्या दिवशी दुपारी बाळाने दूध सोडलं. पहिलीनेही शेवटी असंच दूध सोडलं होतं. देवा, पुन्हा नको रे, एवढंच आवडी म्हणत राहिली.

नेमकी त्याच दुपारी गावची सुईण धुरपा परत आली. मधले दोन महिने ती नदीपलीकडच्या वाड्यांवर बाळंतपणं करत होती. रडं ऐकून ती तशीच घरात शिरली.

"काय गं, पोर कुठाय?"

"वर आहे, मावशी," आवडी म्हणाली.

धुरपाने मान वर केली. "वर? अगं, पोर आहे की शिंक्यावरचं लोणी?"

दारातल्या बायकांपैकी गंगाकाकू पुढे झाल्या. "बरी वेळेवर आलीस. चाळीस झाल्यात. तुझा सल्ला दे आणि एक्केचाळिसावी मार."

"पोर बघितलं नाही, सल्ला कशावर देऊ?" धुरपा म्हणाली. मग आवडीकडे वळली. "रडताना कसं करतंय? मान टाकतंय? अंग ताठ करतंय?"

"गंगाकाकू म्हणतात, पोटात मुरडा आहे."

"काकूंना नंतर विचारीन. तू सांग."

"शेजारच्या सखूवहिनी म्हणतात, दृष्ट..."

"आवडे, पाय दोन्ही झाडतंय की एकच?"

आवडीला एकदम रडूच फुटलं. "मला ठाऊक नाही, मावशी! चाळीस जणींचं चाळीस मला तोंडपाठ आहे, आणि माझं लेकरू रडताना कोणता पाय झाडतंय ते मला ठाऊक नाही. मी त्याला नीट बघितलंच नाही गं!"

धुरपाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "मग आता बघ. उतरव त्याला. आणि चांगलं टक लावून बघ. आईने नाही बघायचं तर बघायचं कोणी?"

आवडीने बाळाला खाली आणलं, मांडीवर घेतलं आणि त्याच्याकडे बघितलं. अगदी डोळे भरून बघितलं. बाळ उजवा पाय झाडत होतं. डावा मात्र पोटाशी घट्ट ओढून धरला होता. तिने त्या पायाला नुसतं बोट लावलं, तर बाळाने टाहो फोडला.

तिचा हात मोज्याकडे गेला आणि तिथेच थांबला. मोजे काढायचे नाहीत, ही आत्याबाईंची गाठ होती. सगळ्यांत पहिली, घरातली गाठ.

कोपऱ्यात भागाबाई वाखाला पीळ देत बसल्या होत्या, त्यांचे हात थांबले. आवडीने त्यांच्याकडे बघितलं. तिची नजर काय मागत होती ते आंधळ्यालाही कळलं असतं.

भागाबाई उठल्या. गाठी उकलायची शिंगाची सळई त्यांच्या कमरेला असायचीच. ती काढून त्या तिवईवर चढल्या. गुडघे कुरकुरले, कोणीतरी धरायला आलं, त्याला त्यांनी हातानेच बाजूला केलं. सगळ्यांत खालची, दोन महिन्यांच्या भाराने आवळलेली गाठ त्यांनी सळई घालून उकलायला घेतली. निरगाठच ती, दमवलं तिने. अखेर सुटली आणि पाळणा दोन बोटं खाली आला.

"माझी गाठ मी सोडली," भागाबाई म्हणाल्या. "पोरी, काढ तो मोजा."

आवडीने मोजा काढला. पायाची करंगळी पिकल्या जांभळासारखी झाली होती. तिच्याभोवती वाखाचा एक धागा गुंडाळला गेला होता, केसाएवढा बारीक. गाठींतून गळलेला धागा मोज्यात शिरला होता. बाळ पाय हलवत होतं तसा तो आवळत गेला होता.

"अगं बाई!" गंगाकाकूंनी तोंडाला पदर लावला.

"माझी नजर आता एवढ्या बारकाव्याला लागत नाही," धुरपा म्हणाली. "आवडे, तूच काढ. अख्खा जन्म वाख उकलण्यात गेलाय तुझा."

आवडीचे डोळे वाहत होते, पण बोटं स्थिर होती. तिने नखाने धाग्याचं टोक शोधलं, आणि एक वेढा, दुसरा वेढा, तिसरा वेढा करत तो अलगद सोडवला. बाळाने दोन हुंदके दिले आणि आईच्या कुशीत तोंड खुपसून दूध प्यायला लागलं. आवडीला हसू आणि रडू एकदमच आलं.

"आणखी एक दिवस जाता तर करंगळी गेली असती," धुरपा म्हणाली.

भागाबाईंनी खाली उतरून तो मोजा उचलला. "माझ्याच मोज्याने गं, माझ्याच हट्टाने..."

"छे गं!" धुरपाने त्यांचा हात धरला. "तुझा सल्ला खोटा नव्हता. पौषातला होता. आता चैत्र लागलाय, एवढंच."

गंगाकाकूंनी गुपचूप सळई उचलली आणि तिवईवर चढून आपली गाठ शोधू लागल्या. मग सखूवहिनी, मग पुढची. तिन्हीसांज व्हायच्या आत पाळणा पुन्हा गुडघ्याशी आला. आवडी नुसती बाजूला बसली, तरी तिला बाळाचं तोंड दिसायला लागलं.

करंगळी बरी झाली. तिच्यावर धाग्याची एक बारीक रेघ मात्र जन्मभर राहिली. मुलगा मोठा झाल्यावर सगळ्यांना मोजडी काढून ती दाखवायचा आणि हसायचा.

गावाने रीत मोडली नाही, पण बदलली. आता बारशाला आलेली बाई आधी बाळाला मांडीवर घेऊन घटकाभर बसते. मग आईला विचारते, "कसं आहे गं तुझं लेकरू?" आईचं सगळं ऐकून घेते, आणि नंतर सल्ला द्यावासा वाटला तरच गाठ मारते. तीही सुरगाठ. आईने टोक ओढलं की सुटली पाहिजे, आणि कोणी रुसायचं नाही.

नव्या रीतीची पहिली गाठ भागाबाईंनीच मारली. "पायांत मोजे घालत जा हो," त्या म्हणाल्या, आणि सुरगाठीचं टोक सुनेच्या हातात देऊन पुढे म्हणाल्या, "थंडी असली तर."

तात्पर्य: सल्ला चार जणांचा ऐकावा, पण आधी आपल्या लेकराकडे डोळे भरून पाहावं.