लोहकूटाची चार महाद्वारे

पूर्वी कृतयुगात, पर्वतांना एका जागी स्वस्थ बसायची नुकतीच कुठे सवय लागत होती तेव्हा, कुंभकेश नामक महाबलाढ्य असुराने पयोदा नदीचा उगमच आपल्या लोहकूट गडाच्या तटात कोंडून टाकला. खाली उद्वाह मुनींच्या तपोवनात हरिणे कोरड्या शिळा चाटू लागली, वेली माना टाकू लागल्या.

देवसेनेचा सेनापती दीप्तकेतू म्हणजे धनुर्धरांचा मुकुटमणी! त्याच्या प्रत्यंचेचा टणत्कार होताच दिग्गज कान टवकारीत. तरीही तो तीनदा गडावर चालून गेला आणि तीनदा हात हलवीत परतला. अष्टवसू म्हणत, पहिला शंख आमचा. अकरा रुद्र म्हणत, आमचा. बारा आदित्यांना तर हा प्रश्नच अपमानास्पद वाटे, आणि एकोणपन्नास मरुत एकदम बोलत, त्यामुळे त्यांचे म्हणणे कोणालाच कळत नसे. वाद मिटेपर्यंत सूर्य मावळे आणि युद्ध थांबे. तटावर असुर पाय सोडून बसत आणि ऊस चावीत ही मौज पाहत.

अखेर इंद्राने बजावले, "सेनापते, येत्या पौर्णिमेपर्यंत नदी सुटली नाही, तर धनुष्य आणून ठेवा."

खिन्न दीप्तकेतू उद्वाह मुनींच्या आश्रमी गेला. मुनी समाधीत होते. माध्यान्हीची वेळ, ऋषिपत्नी अनुमित्रा चार पडव्यांतल्या चार पंगतींना वाढीत होती. प्रत्येक पडवीत वाकून ती हळूच म्हणे, "वत्सांनो, पहिली पंगत तुमचीच हो! इतरांजवळ बोलू नका, उगीच हिरमुसतील." चारही पडव्यांत समाधानाचे भुरके सुरू!

सेनापती थक्क झाला. "माते, हे असत्य नव्हे काय?"

"ज्याला त्याला आपलीच पंगत पहिली वाटते, मी नुसता दुजोरा देते," अनुमित्रा म्हणाली. "आणि ताकात घालायला पाणी नाही माझ्या घरात! आधी नदी सोडव, धर्मचर्चा मग करू."

दीप्तकेतू तडक वसूंच्या शिबिरात गेला. हात जोडून म्हणाला, "देवहो, गडाचे महाद्वार पूर्वेचे. ते आपल्यावाचून कोणाच्या हाती देऊ? इतरांची आडबाजूच्या दारांवर बोळवण करतो."

ज्येष्ठ वसू विरघळलेच. "आम्ही म्हणतच होतो! पण रुद्रांना जरा गोड बोलून सांग हो, बिचारे मनाला लावून घेतात."

रुद्रांना त्याने दक्षिणेचे महाद्वार दिले, आदित्यांना पश्चिमेचे, मरुतांना उत्तरेचे. रुद्रांनीही वसूंची फार कणव केली.

पौर्णिमेच्या अरुणोदयी चार दिशांनी चार शंख एकदम दुमदुमले, आणि इतर आपल्याला साथ देत आहेत असे समजून प्रत्येक गण दुप्पट चेकाळला. रुद्रांचे त्रिशूळ विजांसारखे लखलखले, मरुतांच्या वेगाने बुरूज पाचोळ्यासारखे उडाले. कुंभकेश पूर्वेकडे धावला तर दक्षिणेचे दार कोसळले, दक्षिणेकडे वळला तर पश्चिमेचे! शेवटी धापा टाकीत, एका पायात पादत्राण नसलेला तो असुरराज पाताळात पळाला. पयोदा खळाळत तपोवनात उतरली, हरिणे पाण्यात नाचली, अनुमित्रेने घागरी भरल्या.

पण विजयसभेत वसूंनी महाद्वाराचे वर्णन आरंभिले, रुद्रांनी भुवया उंचावल्या, आणि कपट उघड झाले.

"वंचका!" चारही गण गरजले. "तुझा बाण पुन्हा कधी लक्ष्यी लागणार नाही, असा शाप देतो!"

या धनुर्धराला मरण परवडले असते, हा शाप नव्हे. त्याने शांतपणे धनुष्य खाली ठेवले, मस्तक लववले.

"अपराध मान्य आहे. शाप शिरसावंद्य. फक्त एवढेच सांगा देवहो, पहिला शाप कोणाचा?"

"आमचा!" वसू म्हणाले.

"तुमचा? तो कसा?" रुद्र उसळले.

आदित्य अपमानित झाले. मरुत एकदम बोलू लागले.

तो निर्णय अद्याप झालेला नाही. निरभ्र आकाशात मधूनच गडगडते, तो याच सभेचा कल्लोळ. आणि दीप्तकेतू? तो धनुष्य उचलून केव्हाच पुढच्या मोहिमेवर निघाला, युगे लोटली तरी त्याचा एक बाण चुकलेला नाही.