चुन्याच्या रेघेवरचं पिल्लू

राजा होता एक. गुमानसिंग त्याचं नाव. आणि घाई तर अशी, की दूध तापायच्या आधी साय मागायचा!

त्याच्या राज्यात एक नदी होती. माघ सरत आला की पाणी ओसरायचं आणि मधोमध वाळूचं बेट उघडं पडायचं. तिथं पारबता नावाची बाई टरबुजाची वाडी करायची. नवरा नव्हता, शेत नव्हतं. त्या वाडीवरच तिचं पोट. ए सगुणा, पाय पांघरुणात घे, गार वारा येतोय. हं, ऐका पुढं.

तर एका वर्षी राजाच्या मनात आलं, या बेटावर महाल बांधू. पावसाळ्यात नदी काय त्याला विचारून येणार होती? पण राजाला कोण शहाणपण शिकवणार! माणसं आली, चुन्याची फक्की टाकून पायाच्या रेघा मारून गेली. पारबतानं त्या रेघा पाहिल्या. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, बेट रिकामं नाही. तिथं लेकुरवाळ्या राहतात."

राजा हसला. "वाळू नि गोटे, दुसरं काय आहे तिथं?"

"तीन सकाळी माझ्यासंगं बसा. काही दिसलं नाही, तर वाडी मी माझ्या हातानं उपटीन."

राजाला गंमत वाटली. बरं म्हणाला.

पहिल्या सकाळी आला तो ढोल, छत्री, हुजरे घेऊन. दिसणार काय, कपाळ? दुसऱ्या सकाळी एकटा आला, पण तोंडाची टकळी थांबेना. अगदी आपल्या मन्यासारखी, बरं का! एक खंड्या तेवढा निळा चमकला नि भुर्र गेला. पारबता घरी जाऊन रडली. आता एकच सकाळ उरली होती.

तिसऱ्या सकाळी तिनं राजाला आपलं घोंगडं पांघरायला दिलं आणि ओठावर बोट ठेवलं. राजा गुपचूप बसला. मग धुकं विरलं. पलीकडच्या काठावर पळस लालभडक दिसायला लागला. मग पाण्यातून एक पाणमांजर वर आलं, तोंडात पिल्लू. ते वाळूवर ठेवलं, परत गेलं, दुसरं आणलं. मग तिसरं. मग सारसांची जोडी उतरली आणि पंख पसरून नाचायला लागली. अगं बाई, काय तो नाच! राजा श्वास घ्यायचाच विसरला.

तेवढ्यात समोर चुन्याच्या रेघेवरचा एक गोटा हलला. टक्! तडा गेला. आतून ओलं, इवलंसं टिटवीचं पिल्लू बाहेर आलं. अंगाला चुना लागलेला. राजाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझ्या महालाखाली हे गेलं असतं, तो पुटपुटला.

उठायला गेला, तर पाय कुठं टाकावा कळेना. कुठला गोटा नि कुठलं अंडं!

"बाई, मी जाऊ कसा?"

"माझ्या पावलात पाऊल टाका, महाराज. वाडीवरची माणसं आम्ही अशीच चालतो."

जन्मात कुणाच्या मागं न चाललेला राजा पारबताच्या मागं निघाला. खाली बघत, एकेक पाऊल जपून. काठावर महालासाठी दगड घेऊन हत्ती उभे होते, ते त्यानं माघारी धाडले.

मग काय! टरबुजं पिकली, पिल्लं उडाली, पारबता सुखानं राहिली, आणि राजा दर फाल्गुनात तिथं येऊन मुकाट बसायला शिकला. झाली गोष्ट. आता तुम्हीही डोळे मिटा पाहू.