सोनकीगडाचा दक्षिणमुखी दिवा

धापा टाकत सोनकीगड चढून आलात, आणि बघायला काय? नुसती जोती! नाकं मुरडू नका, पाहुणे. तुमच्याआधी एक अख्खी फौज इथं अशीच तोंड वासून उभी राहिली होती.

तिचा सरदार मुदप्पा नायक, दक्षिणेकडचा. बायको पोटुशी असताना मोहिमेवर निघाला, तो वर्षानुवर्षं घरी गेलाच नाही. त्याच्या राजाचा हुकूमच तसा होता म्हणे : शत्रूची राजधानी घे, तिथल्या एकाने तरी फौजेदेखत तुझ्यापुढे मान तुकवली पाहिजे, मगच परत ये. आता पोर चालायला, बोलायला, उलट बोलायलासुद्धा शिकलं असेल, हे मनात घोळवत नायक गडाच्या दारावर धडकला. तर दार सताड उघडं! आत चिटपाखरू नाही. राजा, रयत, गुरं, मांजरंसुद्धा समोरच्या डोंगरात पळालेली. मागे राहिले उंदीर, आणि ते कुणाला मुजरा करत नाहीत.

नायकाने नगारे बडवले, गादीवर बसून पाहिलं. शरण यायलाच कुणी नाही! शेवटी त्याने युक्ती काढली. आपली घरं उजळलेली दिसली की माणसं ओढीने परततील, म्हणून तिन्हीसांजेला दारोदार दिवे लावले. वाती मात्र केल्या सगळ्या दक्षिणेकडे, कारण त्याचं घर तिकडे. हा शहाणा काय जाणे, आपल्यात तसा दिवा यमासाठी लावतात!

समोरच्या डोंगरात रडारड उसळली. साळूआई म्हातारी तेवढी रडली नाही. काठी टेकत निघाली ती थेट आपल्या अंगणात येऊन उभी राहिली.

"कोण रे तो मेला? जित्या माणसांच्या दारात यमाचा दिवा?"

"यमाचा नाही, अव्वा," नायक म्हणाला. "माझं गाव आहे तिकडं."

"कोण असतं तिथं?"

"पोर आहे. अजून बघितलं नाही. अव्वा, एकदाच मान तुकव. मी निघतो."

"तुझ्यापुढं? तोंड बघ आरशात! आमच्या राजापुढं वाकत नाही मी. सर मागं, माझा दिवा मला वळवू दे."

असं म्हणून म्हातारी दिव्याशी वाकली. दिव्यापलीकडे नायक उभा. फौजेला दिसली ती त्याच्यापुढे वाकलेली पाठ. "वाकली! वाकली!" एकच गलका झाला.

दिवा वळवायला असा कितीसा वेळ लागतो? पण असं सांगतात, कूच करायची शिंगं वाजेपर्यंत साळूआई तशीच वाकून राहिली. कंबर धरली होती, असं ती पुढे सगळ्यांना दटावून सांगायची. माणसं परतली तेव्हा मात्र तिच्या दिव्याची वात होती तिकडेच होती, दक्षिणेला.

आजही गावातलं कुणी परमुलखात निघालं की घरचे तिच्या जोत्यावर तसाच दिवा लावतात आणि माणूस पोचल्याचा निरोप आला की तो शांत करतात. हल्ली मोबाइलमुळे तेलसुद्धा तापत नाही म्हणा! एक दिवा मात्र रोज लागतो. नायक घरी पोचल्याचं अजून कुणी कळवलेलं नाही.