बोरवणचा विस्तव

एका राज्यात भद्रायू नावाचा राजा होता आणि त्या राजाच्या दरबारात एक तांब्याची साळुंकी होती. ही साळुंकी बोलत असे. कुवलय नावाच्या मांत्रिकाने ती घडवली होती आणि राज्यातल्या प्रत्येक गावच्या पारावर तांब्याचे एकेक पान टांगले होते. पानाखाली जे बोलले जाई, ते वाऱ्यावरून साळुंकीच्या कानी येई. राजा विचारी, "कोण काय म्हणतो?" साळुंकी सांगे. साळुंकी खोटे बोलत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होते.

राजाला एकच मुलगी. तिचे नाव शाल्मली. राजमुद्रा तिच्या हाती असे. हुकूम लिहून येई, ती त्यावर मुद्रा उमटवी, आणि हुकूम निघून जाई.

एके दिवशी राजाने साळुंकीला विचारले, "माझ्या गादीवर कोणाचा डोळा आहे?"

साळुंकी म्हणाली, "बोरवण गावचे लोक म्हणतात, राजाला मारू, गादी घेऊ."

हुकूम निघाला. शाल्मली तेव्हा वीणेच्या तारा लावत बसली होती. एका हाताने तिने मुद्रा उमटवली आणि दुसऱ्या हाताने तार पिळत राहिली. सेनापती वज्रबाहू घोडेस्वार घेऊन गेला. बोरवण जळाले. माणसे रानात पळाली. जत्रेचे सोंग उभे करणारा एक म्हातारा मात्र मुखवटे आणायला परत घरात शिरला आणि वरून छपराचे आढे कोसळून त्याखाली गेला.

त्या म्हाताऱ्याची बायको येसाई. ती राखेत उभी राहिली आणि घोडेस्वारांच्या देखत म्हणाली, "ज्यांनी हे केलं, त्यांनी आपल्या तोंडानं सांगेपर्यंत या राजाच्या नगरात विस्तव राहायचा नाही."

त्याच वेळी नगरातल्या चुली विझल्या. गारगोट्या घासल्या तरी ठिणगी पडेना. देवापुढचे दिवे पेटेनात, लोहारांचे भाते नुसता वारा सोडू लागले. लोक भिजवलेले धान्य चावून खाऊ लागले. थंडी पडली तशी बाळंतिणी पोरांना उराशी धरून उन्हाच्या मागे मागे ओट्यांवर सरकू लागल्या.

राजाने शालींवर शाली पांघरल्या आणि म्हणाला, "कोणी तरी जा आणि त्या बाईला समजवा."

शाल्मली गेली. रानात एका पळसाखाली येसाई बसली होती.

"आजी, शाप मागे घ्या," शाल्मली म्हणाली. "नगरात लेकरे गारठली आहेत."

"माझ्या गावातही लेकरं होती," येसाई म्हणाली. "तीन गोष्टी आण, पोरी. ज्यानं जाळलं तो हात आण. ज्यानं सांगितलं ते तोंड आण. आणि ज्याच्यातून हे निघालं ते डोकं आण."

शाल्मली आधी सेनापतीकडे गेली. वज्रबाहू अंगणात थंडगार तलवार पुसत बसला होता.

"बोरवण तुम्ही जाळलेत?"

"मशाली माझ्या माणसांच्या होत्या," तो म्हणाला. "पण हुकमावर मुद्रा होती. मुद्रा पाहिली की मी प्रश्न विचारत नाही."

शाल्मलीने खाली पाहिले. मुद्रा तिच्या कमरेला होती.

मग ती दरबारात गेली. राजा सिंहासनावर होता, साळुंकी त्याच्या खांद्यावर.

"महाराज, बोरवण जाळा असे आपण सांगितलेत?"

"साळुंकीने सांगितले," राजा म्हणाला.

"मी जाळा म्हटले नाही," साळुंकी म्हणाली. "मी ऐकलेले सांगितले."

"ऐकलेस ते कधी?"

"जत्रेच्या आधी. पारावर माणसे जमली होती. एकाने राक्षसराजाचा मुखवटा घातला होता. बाकीचे म्हणत होते, राजाला मारू, गादी घेऊ. मग सगळे हसले."

शाल्मलीने बापाकडे पाहिले. बाप खिडकीबाहेर पाहत होता.

"ते हसले, हे तू आधी का सांगितले नाहीस?"

"मला हसण्याबद्दल कोणी विचारले नाही," साळुंकी म्हणाली.

तिसऱ्या ठिकाणी जाणे अवघड होते. कुवलय एका काचेच्या सरोवरात, दार नसलेल्या मनोऱ्यात राहत असे. सरोवरावर चालणाऱ्याला पायाखाली स्वतःचाच चेहरा दिसे आणि तो चेहरा विचारी, "कशाला आलीस?" खोटे उत्तर दिले की काच तडके. शाल्मली म्हणाली, "दोष कोणाचा ते शोधायला आले." काच करकरली. ती थांबली. मग म्हणाली, "माझा दोष थोडा ठरावा म्हणून आले." काच घट्ट झाली. ती पलीकडे पोचली आणि भिंतीत दार उघडले.

"आपल्या साळुंकीला सोंग आणि खरे यातला फरक कळतो का?" तिने विचारले.

"नाही," कुवलय म्हणाला.

"आपल्याला हे ठाऊक होते?"

त्याने हातातली तार खाली ठेवली. "होते."

"राजाला सांगितलेत?"

"सांगितले असते तर त्यांनी ती सिंहासनाजवळ ठेवली नसती. इतकी सुंदर वस्तू मी दुसरी घडवलेली नाही. राजकन्ये, मी फक्त पक्षी केला. गाव जाळणारे दुसरे."

"माझ्याबरोबर येसाईकडे चला."

"मी कशाला येऊ?" त्याने विचारले, आणि भिंतीतले दार मिटू लागले.

शाल्मली रिकाम्या हाताने रानात परतली. "आजी, तिघांतला कोणीच दोष आपला म्हणत नाही," ती म्हणाली. "पण हुकमावर मुद्रा मी उमटवली. मी तो वाचला नव्हता. वाचला असता तर थांबवता आला असता."

येसाईने तिच्यापुढे चार काटक्या ठेवल्या. काटक्यांतून धुराची एक बारीक रेघ निघाली.

"धूर आला," येसाई म्हणाली. "जाळ नाही. हे मला सांगून काय उपयोग? ज्यांना विस्तव हवाय त्यांच्यापुढं सांग."

शाल्मलीने त्या काटक्या पदरात बांधून नगराच्या चौकात आणल्या. भर दुपारी, सगळ्यांसमोर, तिने तेच शब्द पुन्हा उच्चारले. एका बाईने तिच्या तोंडावर दार लावले. एका म्हाताऱ्याने विचारले, "राजकन्येने वाचायचे नाही, तर वाचायचे कोणी?" ती दुसऱ्या दिवशीही येऊन बसली, आणि तिसऱ्याही.

वज्रबाहू घोड्यावरून तिथून रोज जाई. तिसऱ्या दिवशी तो उतरला. "गावात एकही शस्त्र नव्हते, हे मी वेशीवरच पाहिले होते," तो म्हणाला. "तरी मशाली टाकायला मी सांगितले." काटक्यांची टोके लाल झाली.

संध्याकाळी कुवलय आला. त्याच्या सरोवराची काच तडकली होती आणि पाय रक्ताळले होते. "पक्षी चुकेल हे मला माहीत होते," तो म्हणाला. "माझे नाव मोठे व्हावे म्हणून मी गप्प राहिलो." ठिणग्या उडाल्या, पण जाळ धरेना.

राजाने सज्जातून साळुंकी पाठवली. ती चौकात उतरली आणि म्हणाली, "महाराज म्हणतात, त्यांचा दोष नाही." लगेच काटक्या काळ्या पडल्या.

शाल्मलीने वर पाहिले. "तात, साळुंकी बोलली. आता आपण बोला."

राजा खाली आला. लोक बाजूला झाले, पण कोणी मुजरा केला नाही.

"मी बोललो तर गादी राहील का?" त्याने मुलीला हळूच विचारले.

"राहणार नाही."

राजाच्या अंगावरच्या शालींतली एक गळून पडली, ती एका बाळंतिणीने उचलली आणि पोराभोवती गुंडाळली. राजाने ते पाहिले.

"हुकमावर मुद्रा उमटण्यापूर्वी सेनापतीने मला विचारले होते, आधी चौकशी करू का," तो म्हणाला. "मी नको म्हटले. माझा साळुंकीवर विश्वास होता असे नव्हे. मला भीती वाटत होती, आणि चौकशी केली तर ती भीती खोटी ठरेल, हे मला नको होते. बोरवण मी जाळले."

काटक्यांनी पेट घेतला. घराघरांत चुली धडधडल्या, लोहारांच्या भट्ट्या लाल झाल्या, आणि कोणी आरोळी न मारता लोक आपापल्या घरी भात शिजवायला गेले.

येसाईला न्याय विचारला तेव्हा तिने कोणाचे डोके मागितले नाही, आणि क्षमाही केली नाही. तांब्याची पाने पारांवरून उतरवली गेली. साळुंकी राहिली, पण ती बोलेल तेव्हा कुवलयाने शेजारी उभे राहून तिला काय कळत नाही ते आधी सांगायचे, असे ठरले. शाल्मली गादीवर बसली. तिच्या राज्यात हुकूम मोठ्याने वाचला जाई, आणि तो कोणाचा हे शेवटी नाव घेऊन सांगितले जाई. वज्रबाहूने तलवार खाली ठेवली आणि बोरवणच्या घरांसाठी रानातून लाकूड वाहिले.

भद्रायू बोरवणला घरे बांधायला गेला. येसाईच्या घराचे आढे त्याने स्वतः चढवले. घामाने निथळत तो खाली उतरला आणि तिच्याकडे पाहू लागला.

येसाईने मान वर करून पाहिले. "वाकडं बसलंय," ती म्हणाली. "उतरव, आणि परत चढव."

भद्रायू पुन्हा शिडी चढला.